पॉइंट टू टूला हा उपाय नाही

2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं सगळ्यांनी वाचलं. तेव्हापासून कोल्हापूरच्या मित्रांशी फोनवर बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. तुमच्या अमेरिकेत लोक घरीच काडतुसं भरतात, मग आपल्या पोरांना ती मुभा का नको?

भरतात, खरंय. टेक्सासात मीही भरतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी हाच त्यातला महाग भाग, आणि ती अनेकदा वापरता येते. प्रेस म्हणजे हाताच्या दांड्याचं यंत्र; त्यावर डाय नावाच्या साच्यात दाबून ती मापात आणायची, बुडातला ठिणगी पाडणारा जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. .308 सारख्या मोठ्या काडतुसाच्या रायफलीला हे परवडतं, शिवाय आपल्या नळीला मानवेल असं काडतूस जमवता येतं. 9 मिमीचं, म्हणजे पिस्तुलाचं, मात्र, स्वतःच्या वेळेची किंमत धरली, तर विकतचंच बरं. 2020-21 च्या टंचाईत तर प्रायमरच मिळेनात; भल्याभल्यांचे प्रेस धूळ खात पडले. आणि चुकून दुप्पट दारू पडली तर बंदूक हातातच फुटते, म्हणून भरायला बसलो की मी फोन घरात ठेवून येतो.

पण स्वप्नीलची रायफल पॉइंट टू टूची, म्हणजे .22 इंची लहान काडतुसाची. त्या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतोच. पेट घेणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की पुंगळी भंगारात. इथले नेमबाजही ही गोळी विकतच घेतात, आणि सामन्यासाठी लागणारी एली कंपनीची गोळी इंग्लंडहून येते. म्हणजे आयात इथेही आहेच. फरक इतकाच, की सरावाची साधी गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि शाळकरी पोरगं बापाबरोबर रेंजवर जाऊन डबाच्या डबा संपवून येतं.

आपल्याकडे भारतात सरकारच्या लेखी ‘नामांकित नेमबाज’ ठरलं की आयातीची सवलत मिळते. पण तिथवर पोचायला आधी हजारो गोळ्या झाडाव्या लागतात, आणि कर्ज निघतं ते नेमकं त्याच वर्षांत! सरकारकडे मागायचंच असेल तर जिल्हा पातळीवरच्या पोरांसाठी सरावाच्या गोळ्या मागा. प्रेसचा विषय मोठ्या रायफलवाल्यांनी सवडीनं काढावा.