मोहोळ पुढच्याने उठवायचे, डंख मागच्याने खायचे

पावसाळा ओसरल्यावर पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर घोड्यावरून रपेट करण्यासारखे सुख नाही, असे सांगणारी मंडळी त्या सुखाची दुसरी बाजू सोयीस्करपणे गिळून टाकतात. पठारावर फुले येतात त्याच दिवसांत गांधीलमाश्यांची पोळीही भरात आलेली असतात. ती केवळ झाडाला लटकलेली नसतात. करवंदीच्या जाळीत, बांधाच्या बिळात, अगदी पायवाटेच्या कडेच्या मातीतही असतात. रांगेतल्या पहिल्या घोड्याच्या टापांनी जमीन हादरते, दुसरा जाईपर्यंत माश्या खवळतात आणि त्या बाहेर पडतात तेव्हा तिसरा किंवा चौथा घोडा नेमका पोळ्याशी पोहोचलेला असतो. हा घोडा बहुधा माझा असतो, कारण आमच्या गटातल्या हौशी स्वारांना पुढे मिरवण्याचा भारी सोस आहे.

इथवर माझी तक्रार नाही, कारण माश्या आपले घर राखतात. डोके फिरते ते पुढच्यांच्या वागण्याने. मागून मी जिवाच्या आकांताने "माश्या! घोडी पळवा!" असे ओरडत असताना हे महाभाग लगाम खेचून जागीच थांबतात, खोगिरावर अर्धे वळतात आणि शांतपणे विचारतात, "काय झालं हो?" वाट एका घोड्यापुरती, एका हाताला जाळी, दुसऱ्या हाताला उतार, तंगाजवळ, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याजवळ, घोड्याच्या पोटाच्या मऊ कातडीला चिकटलेली माशी आणि खाली दुगाण्या झाडणारे जनावर, अशा अवस्थेत मी यांना काय समजावून सांगावे? गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी कातडीत अडकून तुटत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हापुन्हा डंख मारू शकते. गाठ आग्या मोहोळाशी पडली तर प्रकरण त्याहून वाईट, कारण डंखाबरोबर सुटणारा वास इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो. दोन्ही प्रसंगी उपाय एकच, तो म्हणजे तिथून तत्काळ दूर जाणे, आणि नेमका तोच रस्ता यांनी अडवलेला असतो.

गोमाश्यांचे एक वेळ चालते. त्या कातडी कापून रक्त पितात, घोडा शेपटी आपटतो, कातडी थरथरवतो, आपण हाताने हाकलतो. निलगिरीचे तेल चोपडावे, तर घोड्याला घाम फुटला की त्याचा प्रभाव फार टिकत नाही. तरी तेवढा त्रास गृहीत धरूनच आम्ही निघतो. पण रांगेत अडकून पडणे कोणत्या तेलाने टळणार?

पुढे सपाटीवर पोहोचल्यावर खरा कळस होतो. एक जण तंबाखूसाठी बाळगलेली चुन्याची डबी पुढे करतो, दुसरा कांदा शोधू लागतो, आणि ज्याच्या घोड्याने पोळे डिवचले तो मिशीवर हात फिरवत म्हणतो, "आमच्याला तर एकबी चावली नाही, तुमचं घोडंच बुजरं हाय." बुजरे! मानेवर गाठी उठल्या असताना, कानशिलाजवळ सूज दिसत असतानाही ज्या जनावराने मला खाली पाडले नाही, ते बुजरे! पुढच्या रपेटीला या गृहस्थांनी खुशाल चौथ्या क्रमांकावर यावे, मी पुढे राहीन, आणि त्यांची हाक आली तर "काय झालं हो?" असे न विचारता घोडा दामटीन.