आपल्या आईंच्या हातांना गरम मेण का लावले नाही: अभिप्रायाला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडवरील आमच्या पार्लरविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपण आणि आपल्या आई, दोघींनी हातांच्या पॅराफिन वॅक्ससाठी (वितळवलेल्या गरम मेणाचा थर हातांवर चढवून त्वचा मऊ करण्यासाठी) आधी वेळ घेतलेली असतानाही आमच्याकडे काम करणाऱ्या मुलींनी आईंना आजारांविषयी खोदून खोदून विचारले, बोटांची टोके दाबून पाहिली आणि शेवटी वॅक्स करण्यास नकार दिला, ही आपली मुख्य तक्रार आहे. याशिवाय आपल्या हातांचा मऊपणा तिसऱ्या दिवशीच ओसरला, नखांचे पापुद्रे अजूनही सुटतात आणि सांगूनही क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) कापून दिले नाही, असेही आपण लिहिले आहे.

आईंना मधुमेह आहे आणि बोटांना अधूनमधून बधिरपणा येतो, हे आपण अभिप्रायात स्वतःच नमूद केले आहे, म्हणूनच त्याविषयी येथे लिहिते. एरवी कोणाच्याही प्रकृतीबद्दल मी जाहीरपणे एक शब्दही लिहिला नसता. आम्ही हातांवर जे मेण लावतो त्याचे तापमान साधारण ५० अंश सेल्सिअस असते. एवढ्या गरम पाण्यात हात ठेवता येत नाही, पण मेण सोसते, कारण त्यात उष्णता पाण्यापेक्षा कमी साठते, ती त्वचेपर्यंत सावकाश पोहोचते आणि पहिला थर लगेच घट्ट होऊन पुढच्या थरांची धग अडवतो. मात्र हे सगळे हातांना चटका कळतो या गृहीतावर चालते. मेण नेहमीपेक्षा जास्त तापलेले असेल, किंवा बोट हलल्यामुळे पहिल्या थराला भेग पडून तिच्यातून गरम मेण थेट त्वचेवर उतरले, तर आपण चटकन हात मागे घेतो आणि इजा टळते. ज्या बोटांना ही जाणीवच उरलेली नाही, ती तशीच राहतात, आणि भाजल्याचे कळते ते फोड आल्यावर. मधुमेहात अशी जखम भरायलाही वेळ लागू शकतो.

सांधेदुखीसाठी फिजिओथेरपीत हाच मेणाचा शेक देतात, मग पार्लरलाच एवढी भीती का, असा प्रश्न आपण विचारला आहे. शेक देतात, हे अगदी खरे आहे. परंतु तेथेही आधी हाताची संवेदना तपासतात आणि ती कमी असल्यास मेण लावत नाहीत. आमच्या मुलींनी बोटांची टोके दाबून पाहिली ती याच कारणासाठी. हा नियम वयासाठी नाही आणि केवळ मधुमेहासाठीही नाही. द्राक्षाच्या हंगामात विरळणीची कात्री लागून बोटांवर ताज्या जखमा झालेल्या निफाड-दिंडोरीकडच्या तरुण मैत्रिणींनाही आम्ही जखम भरेपर्यंत थांबायला सांगतो. इसब उफाळलेले असेल, नखाच्या कडेला पू झाला असेल किंवा हात नुकताच भाजलेला असेल, तरीही आमचे उत्तर हेच असते.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती आहे. मधुमेहामुळे येणारा बधिरपणा बहुधा आधी पायांत सुरू होतो आणि हातांपर्यंत नंतर पोहोचतो. त्यामुळे बोटे बधिर होत असतील तर तळपायांची तपासणीही अवश्य करून घ्यावी. बोटांच्या बधिरपणाला मनगटातली नस दबल्याचे कारणही असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. नेमके काय आहे हे डॉक्टरच सांगू शकतील. आमच्या नकारापेक्षा ही तपासणी मला कितीतरी महत्त्वाची वाटते.

आता आपल्या हातांविषयी. पॅराफिन त्वचेला ओलावा देत नाही. ते त्वचेवर झाकण घालते. मेणाखाली क्रीम आणि त्वचेतला स्वतःचा ओलावा अडकून राहतो, उबेमुळे रक्तप्रवाह वाढतो आणि हात मऊ होतात. मेण सोलून काढले की ते झाकण जाते, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत, त्यातही भांड्यांच्या साबणाशी रोजचा संबंध असेल तर, एक-दोन दिवसांत त्वचा पुन्हा कोरडी पडते. हा परिणाम टिकवायचा असेल तर हात धुतल्यावर ते थोडे ओलसर असतानाच ग्लिसरीनचे क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावावी. रात्री आमसुलाचे तेल चोळून सुती हातमोजे घातले तरी चांगला गुण येतो. असे रोज केले तर वॅक्ससाठी आमच्याकडे वारंवार यावे लागणार नाही, हेही मोकळेपणाने सांगते.

नखांच्या बाबतीत मात्र पॅराफिनकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्याने नखाभोवतीची कातडी मऊ होते, पण आधीच चिरलेले नख जुळत नाही. पापुद्रे सुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नखे वारंवार भिजणे आणि वाळणे, आणि त्यात अ‍ॅसिटोनच्या रिमूव्हरची भर पडते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात. तोवर नखे आखूड ठेवावीत, कानस एकाच दिशेने फिरवावी आणि भांडी घासताना रबरी हातमोजे वापरावेत. क्युटिकल आम्ही कोणाचेच कापत नाही. नख आणि कातडी यांच्यामधली फट ते बंद ठेवते, आणि ते कापले की जंतूंना वाट मिळून नखुरडे होऊ शकते. म्हणून मेणानंतर ते मऊ असतानाच लाकडी काडीने हलके मागे सारले जाते. आपल्या हातांवरही तेच केले होते.

दराबद्दलही आपली नाराजी आहे. प्रत्येकीसाठी मेण वेगळ्या वाटीत काढून ब्रशने लावले जाते, आणि सोललेले किंवा वाटीत उरलेले मेण टाकून दिले जाते, मोठ्या भांड्यात परत ओतले जात नाही. त्यामुळे खर्च वाढतो. परंतु एकीच्या हाताचे मेण दुसरीच्या हाताला लावणे मला मान्य नाही, आणि यात मी काटकसर करणार नाही.

आईंना हातांची काळजी हवीच असेल, तर मेणाशिवायचे मॅनिक्युअर त्यांना करता येईल: कोमट पाणी, ज्याची ऊब आधी आम्ही स्वतःच्या हातावर तपासून पाहतो, त्यानंतर क्रीमने हलका मसाज, आणि नखांना फक्त कानस. डॉक्टरांनी तपासून हातांची संवेदना ठीक असल्याचे सांगितले, तर वॅक्सही आनंदाने करू. येण्यापूर्वी एक फोन करावा, म्हणजे त्या वेळेस मी स्वतः हजर राहीन.

आपली,
संचालिका, गंगापूर रोड, नाशिक