पेव्हर ब्लॉकने झाकायच्या आधी खालचे थर मोजा

पावसाळा सरला की सोसायट्यांमध्ये पेव्हर ब्लॉकची कामं निघतात. कमिटी तीन कोटेशन मागवते. तिन्हींवर एकच आकडा असतो, चौरस फुटाला इतके रुपये. ज्याचा आकडा कमी, त्याला काम. मी कंत्राटदारांची बिलं बनवतो आणि ठामपणे सांगतो, सोसायटीचे पैसे इथेच बुडतात.

त्या एका आकड्यात काय काय असतं बघा. जुनी फरशी उखडून राडारोडा उचलणं, खोदाई, मुरूम किंवा जीएसबी (पायासाठीचं खडी-कचाचं मिश्रण) पसरून पाणी मारून रोलरने दाबणं, त्यावर ग्रिट (ब्लॉकखालची बारीक कच), मग ब्लॉक, कडेला कर्ब म्हणजे काठाचे दगड, सांध्यांत बारीक वाळू. १८ टक्के जीएसटी त्यात धरलाय की वेगळा, हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. शेवटी डोळ्यांना दिसतो तो फक्त ब्लॉक. घासाघीस करून दर पाडला की कात्री लागते ती खालच्या थरांना.

साधा हिशेब करा. ५,००० चौरस फुटांचं आवार, खाली दाबून ६ इंच जीएसबी ठरलाय. म्हणजे २,५०० घनफूट, २५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). प्रत्यक्षात ४ इंचच पडला तर होतात पावणेसतरा ब्रासच्या आत. आठ ब्रासहून जास्त माल आलाच नाही, तरी बिल पुरत्या ५,००० फुटांचं! त्यात चेंबरची झाकणं आणि झाडांची आळीसुद्धा वजा केलेली नसतात. लेव्हल जुळवायला ग्रिट कुठे तीन-तीन इंच भरतात. खरं तर ती २० ते ४० मिमीच हवी. पाण्याचा टँकर दोन-चारदा फिरला की नेमकं तिथेच खचतं, आणि दोष मात्र ब्लॉकला.

सार्वजनिक बांधकाम खात्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा असतो. लांबी, रुंदी, जाडी मोजमाप पुस्तकात चढते, मगच रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, निघतं. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, पण पद्धत योग्य आहे आणि ती सोसायटीलाही जमते. जीएसबी दाबून झाला की चार-पाच ठिकाणी खड्डा घेऊन टेप लावा, फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. तोवर एकही ब्लॉक बसवू देऊ नका. जिथे टँकर, कचरागाडी येते तिथे ८० मिमी जाडीचा, एम-४० (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) चा ब्लॉक लिहून घ्या. पायवाटेला ६० मिमी पुरे.

कंत्राटदाराची बाजूही सांगतो, कारण ती कुणी मांडत नाही. डिझेल, मजुरी रोख जाते आणि कमिटी शेवटचं बिल महिनोन्महिने अडवते. प्रामाणिकपणे ६ इंच धरणारा माणूस पहिल्याच मीटिंगमध्ये महाग ठरून बाहेर पडतो. हे मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं. मोजलेल्या कामाचे पैसे आठवड्यात द्या, पाच टक्के पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवा, आणि हे दोन्ही वर्क ऑर्डरमध्ये लिहा. थरांची जाडी लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असलं तरी बाजूला ठेवा.