तालमीत मारुती आहे, फळा का नाही?

जत्रा जवळ आली की पालखी आणि कुस्त्यांचं मैदान, दोन्हींची वर्गणी आमच्याकडे एकाच पावतीवर फाडतात. त्यात वावगं काही नाही. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे मैदानाशिवाय जत्रा झाली असं कुणी मानतच नाही. सकाळी अभिषेक, दुपारी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या, दिवस कलला की इनामाची मोठी जोड. तालमीत मारुतीच्या पाया पडल्याशिवाय कुणी कुस्तीच्या हौद्यात उतरत नाही, आणि मुसलमान मल्लही तीच माती कपाळाला लावतो. मला हे मनापासून आवडतं.

पण शाळा कुठे गेली? तालमीत ठेवलेल्या पोराच्या खुराकाचा हिशेब बाप तोंडपाठ सांगतो. दूध किती, बदाम किती, तूप किती. गणितात किती पडले विचारलं की वस्तादांकडे बघतो! अनेकांचं नाव शाळेच्या पटावर आणि अंग तालमीत.

खाशाबा जाधवांचा फोटो आपण तालमीत लावतो. ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. खाशाबा देवाच्या पाया पडून गेलेच असतील, पण घर गहाण टाकलं ते मास्तरांनी.

शाहू महाराजांचंही तेच. कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान त्यांचं. पोरांसाठी वसतिगृहंही त्यांचीच आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूमही त्यांचाच. जयंतीला आपल्याला मैदान तेवढं आठवतं.

पंचविशीच्या आत गुडघा गेला की मल्लानं करायचं काय? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाची शिक्षणाची अट काही सुटत नाही. दहावी नापास पैलवानाला त्याचा काय उपयोग?

पहाटेची मेहनत आणि संध्याकाळची लढत यांच्यामध्ये अख्खी दुपार पडलेली असते. ज्यांची शाळा कायमची सुटलीय त्यांच्यासाठी तेवढ्या वेळात तालमीतच एक शिक्षक बसवा. पगार जत्रेच्या वर्गणीतून द्या, शेवटच्या कुस्तीचं इनाम थोडं कमी करून. यंदा यात्रा कमिटीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. "मग मैदान फिकं पडंल की," असं उत्तर येणार, ठाऊक आहे. पडू दे थोडं.