आधी मशीन तर बघा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा सगळ्यांनी लगेच ११ वर जावं, असं एका लेखात वाचलं. अहो, पण जायला मशीनने हो म्हणायला हवं ना! ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आय३, तपासणीत सरळ नापास. अट चुकवून ११ टाकायच्या युक्त्या यूट्यूबवर ढीगभर आहेत, पण मग पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

जुनी हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. पूर्वी बटण दाबून चहा टाकला की तो उकळून, गाळून व्हायचा तरी गोल गोल फिरतच असायचं. आता आधण यायच्या आत डेस्कटॉप समोर. इनस्क्रिप्ट या कीबोर्डने मराठी टायपिंगही झकास होतं.

घोडं अडलं ते फक्त बाबांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी, ते विंडोजवरच चालतं. त्यासाठी विंडोज १० वाली जुनी डिस्क कपाटात जपून ठेवलीय. महिन्यातून एकदा जोडतो, तीही सपोर्ट नाही म्हणून नेटची वायर काढून.