रन होतंय म्हणजे उपकार केलेत का?

"ताई, कोड रन होतोय, फक्त एकदा नजर टाक ना." हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच सणकतं. उघडून बघावं तर पाचशे-सहाशे ओळी. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर गुळगुळीत इंग्रजीत टीप, शेवटी हिरवी टिकमार्क आणि 'विश्लेषण यशस्वी'. ज्याच्या नावावर कोड आहे त्याला विचारावं, ही ओळ का घातलीस रे? तर म्हणे, "थांब हं, एआयला विचारून सांगतो." अरे, मग मीच विचारते की त्याला! तू मध्ये कशाला हवायस?

आमचं काम पावसाच्या आकड्यांचं. हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा ०.२५ अंशाचा ग्रिड आहे, म्हणजे नकाशावर चौकोनांची जाळी आणि प्रत्येक चौकोनाला पावसाचा आकडा, १९०१ पासूनचा. समुद्रावर, सीमेबाहेर, जिथे आकडाच नाही तिथे त्यात उणे ९९९ लिहिलेलं असतं. कोकणाची चौकट घेतली की अरबी समुद्र आत येणारच. एकाच्या कोडने तो समुद्रही सरासरीत धरला आणि कोकणचा पाऊस उणे आला. इथवर मी चिडलेही नसते, उणे पाऊस बघून कुणीही दचकतं. पण ह्याने काय करावं? एआयला सांगितलं, "पाऊस उणे येतोय, दुरुस्त कर." त्यानेही इमानेइतबारे सगळ्या उणे आकड्यांच्या जागी शून्य भरलं. झालं दुरुस्त! समुद्रावरची ती सगळी शून्यं सरासरीत मिसळली आणि ऐन जुलैत कोकणात दुष्काळ पडला. उणे ९९९ निदान ओरडतो तरी. शून्य गपगुमान बसतं आणि थेट पेपरात जातं.

तारखांचा घोळ तर याहून भारी. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि आकडा लिहायचा तो दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ डेटा, म्हणजे मॉडेल आणि निरीक्षणं जुळवून काढलेले आकडे, जागतिक वेळेत, तासातासाचा, आणि पाऊस मीटरमध्ये. एआय हजाराने गुणून मिलिमीटर करतो, तेवढं त्याला पक्कं येतं. पण दिवस मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र धरतो, तोही ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून. २००५ सालचा मुंबईचा पाऊस घ्या. सगळ्यांच्या लक्षात २६ जुलै, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. नुसती तारखेला तारीख जुळवली की हातात येतो भलताच दिवस. वर हंगामाची बेरीज जवळपास तीच राहते, त्यामुळे शंकाही येत नाही. मग चार महिन्यांनी निष्कर्ष, "मॉडेलला अतिवृष्टी पकडता येत नाही." मॉडेल बिचारं बरोबर होतं!

आणि सगळ्यात संतापजनक प्रकार. फाइलचा पाथ चुकला होता. कोड तिथेच पडायला हवा होता की नाही? नाही पडला. एआय असिस्टंटने ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे चूक आली तरी कोड थांबू न देणारा तुकडा, घालून सोय करून ठेवली होती: फाइल सापडली नाही तर 'नमुना डेटा' तयार कर. गॅमा वितरण नावाच्या गणिती सूत्रातून, म्हणजे अगदी पावसासारखा दिसणारा. यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा सीड ४२, म्हणजे कितीही वेळा चालवा, उत्तर तेच. काय ती विश्वासार्हता! मीटिंगमध्ये त्या नकाशावर चर्चा झाली हो. ट्रेंडवर मतं मांडली लोकांनी. आकडे शुद्ध थापा होते.

"पण टेस्ट पास होतात ना?" होणारच! कोड तपासणाऱ्या टेस्टही एआयनेच लिहिल्यात. जो गैरसमज कोडमध्ये, तोच टेस्टमध्ये. एक टेस्ट अडली, तर त्याने फरकाची मर्यादा इतकी सैल केली की त्यातून बैलगाडी जावी.

मग कुणीतरी शहाणपणा शिकवतंच, "माणसंही चुकतातच की." चुकतात ना. प्रथिनांच्या रचना शोधणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेफ्री चँग यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमने डेटाचे दोन रकाने उलटसुलट केले, प्रथिनांच्या रचना उलट्या निघाल्या आणि २००६ मध्ये पाच शोधनिबंध मागे घेण्याची वेळ आली. तेव्हा कोड लिहून देणारा एआय नव्हता, मान्य. पण तशी चूक तयार व्हायला तेव्हा निदान वेळ तरी लागायचा. आता दुपारच्या चहाआधी अशा दहा तयार होतात, टिपांसकट.

मीही वापरते हो एआय. आलेखाची लेबलं सरळ करायला, कुणा निवृत्त सरांचा फोरट्रान या जुन्या भाषेतला कोड समजून घ्यायला. तिथे चूक झाली तर मला दिसते, कारण उत्तर काय यायला हवं ते मला ठाऊक असतं. तेच ठाऊक नसताना कोड मागणाऱ्यांनी माझा जीव खाल्लाय.

त्यामुळे यापुढे माझ्याकडे कोड पाठवणाऱ्याने एका ग्रिड पॉइंटचं, एका दिवसाचं उत्तर हाताने काढून सोबत जोडायचं. एकक काय, दिवस कुठून कुठवर, उणे ९९९ चं काय केलं, तीन ओळी, स्वतःच्या भाषेत. नसेल तर मी फाइल उघडणार नाही. डेडलाइन आहे? असू दे. आणि त्या तीन ओळीही एआयकडून लिहून आणल्यात तर मला लगेच कळतं, हिरवी टिकमार्क असते त्यात.