'द वेडिंग रिंगर' आणि आमचे सोनू भावजी

"काहीतरी खोट असणार त्याच्यात. एवढा कमावता माणूस आणि एकही मित्र नाही? असं असतं का कुठे?"

आज डबा खाताना आमच्या टेबलावर हे वाक्य आलं, सगळे फिदीफिदी हसले आणि मी भाजीत मान घालून बसले. तिथे भांडता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

विषय निघाला होता 'द वेडिंग रिंगर'चा. २०१५ चा हॉलिवूडचा विनोदी सिनेमा, दिग्दर्शक जेरेमी गॅरेलिक. त्यात जॉश गॅड डग नावाचा वकील झालाय, कराबिराच्या कामातला, पैसेवाला. लग्न तोंडावर आलंय आणि त्याच्या बाजूने उभं राहायला कुणी नाही. त्यांच्यात नवऱ्याशेजारी एक जिवलग मित्र लागतोच, आणि जेवणाच्या वेळी उठून भाषणही त्यानेच ठोकायचं असतं. शिवाय मागे रांगेत आणखी चार-सहा मित्र. सिनेमा सुरू होतो तोच डगच्या फोनांनी. ओळखीपाळखीच्या एकेकाला विचारतोय आणि जो तो कटवतोय. शेवटी तो जाऊन पोचतो जिमीकडे, म्हणजे केविन हार्टकडे. पैसे घेऊन नवरदेवांचा जिवलग मित्र बनायचं, हा जिमीचा धंदाच. डगने होणाऱ्या बायकोला सात मित्र सांगून ठेवलेत. सात आजवर जिमीनेही कधी पुरवलेले नाहीत. पन्नास हजार डॉलर, म्हणतो.

हसा की. मीही हसले. पण 'खोट'?

आमच्या दादाचं लग्न १९९८ मध्ये लातूरला झालं. बाबांची बदलीची नोकरी. दादाची शाळा जालन्यात सुरू झाली, मग परभणी, मग वर्धा, मग अलिबाग, दहावी नाशिकला. प्रत्येक ठिकाणी वर्गात नवा. मुलं जरा ओळखीची व्हायला लागली की आमच्या घरात खोकी बांधायला सुरुवात. माझं निभावलं, कारण मी बडबडी आणि कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसणारी. दादा लाजाळू. त्याला ओळख व्हायलाच वर्ष लागायचं, आणि वर्ष म्हणजे आमच्याकडे अर्धी बदली.

तर लग्न लागलं, जेवणं उरकत आली, फोटो सुरू झाले. तेव्हाचे फोटोग्राफर माइकवरून पुकारायचे. मुलाकडचे मामा-मामी या. आत्या या. करवली कुठाय? मी धावले. मग पुकारलं, "नवरदेवाचे मित्र! चला, मित्रमंडळी वर या!"

कुणी आलं नाही. ऑफिसातले दोघे येणार होते, त्यांचं ऐनवेळी फिसकटलं होतं. फोटोग्राफरला वाटलं पोरं बाहेर पान खात असतील, त्याने पुन्हा पुकारलं. भर हॉलमध्ये माइकवरून. दादा हार घालून उभा, चेहऱ्यावर तेच फोटोचं हसू, आणि डोळे दाराकडे. त्याच वेळी आमच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्सचा ड्रायव्हर बाबांना परत कधी निघायचं ते विचारायला स्टेजवर चढला. फोटोग्राफरने त्याचा दंड धरून त्याला दादाशेजारी उभा केला. आणि त्या माणसाने, काय वाटलं असेल त्याला कोण जाणे, दादाच्या खांद्यावर असा हात टाकला की जणू बालवाडीपासूनचे दोस्त. अख्ख्या अल्बममध्ये दादाचे दात दिसतात ते याच एका फोटोत.

आता मला सांगा, दादात काय खोट होती?

सिनेमातल्या डगचंही हेच आहे बरं का. आईवडिलांबरोबर सतत गावं बदलत वाढलेला मुलगा. हे त्यात स्पष्ट सांगितलंय, पण आमच्या टेबलावरच्या विद्वानाने ते पाहिलं नाही, त्याने फक्त केविन हार्टची बडबड पाहिली. दोस्ती ही काय प्रत्येकाच्या वाट्याला आपोआप येणारी गोष्ट आहे? एकाच गल्लीत वीस वर्षं राहिलेल्यांनी ही शेखी मिरवू नये. तुमचा 'जिगरी यार' तुम्ही कमावलेला नाही, तो शेजारच्या घरात जन्माला आला होता.

सिनेमा थोर नाही, मान्य. समीक्षकांनी झोडपला होता आणि बऱ्यापैकी बरोबर झोडपला होता. नवऱ्याने बायकोच्या माहेरच्यांना भेटायचं तर त्यात म्हातारी आजी पेटते. लग्नाआधीच्या पार्टीतला कुत्र्याचा विनोद मी न बघता पुढे पळवला. बायकांना तर त्यात काही कामच नाही. शेवटी लग्न मोडायचं म्हणून बिचाऱ्या नवरीला स्वार्थी करून टाकलंय, की डगने सोडलं तरी आपल्याला वाईट वाटू नये. लबाडी आहे ही. झालं? आता पुढे.

मला जे जागच्या जागी खिळवून गेलं ते वेगळंच. डगने त्या जिवलग मित्राचं नाव काय सांगून ठेवलेलं असतं? बिक मिचम. का, तर बाथरूमच्या कपाटात बिकचा रेझर आणि मिचमचा डिओडरंट समोर होता. लोक इथे खदखदून हसतात. मला हसू येईना.

कारण लग्नानंतर अल्बम आला तेव्हा वहिनी पानं उलटत एकेकाची ओळख विचारत होती. त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हे कोण हो?" दादा क्षणभर थांबला. ट्रॅक्सच्या मागच्या काचेवर लाल रेडियमने 'सोनू-मोनू' लिहिलेलं होतं, मुलांची नावं असतील त्या माणसाच्या. दादा म्हणाला, "तो ना? सोनू. परभणीच्या शाळेतला."

मी तिथेच मटार सोलत होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मटार सोलत राहिले.

(वहिनी फेसबुकवर नाही म्हणून लिहितेय. आणि ती असती तरी काय, एवढ्या वर्षांत तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही. ती बोलत नाही, एवढंच.)

डग आणि जिमीची टोळी खोटे फोटो काढते. डोंगरावरचे, समुद्रातले, विमानातून उडी मारतानाचे, सगळे कपडे बदलून आणि पडदे लावून. वीस वर्षांची मैत्री दुपारभरात तयार. तो भाग धमाल आहे. पण बघताना सतत वाटत होतं की आमच्याकडे असला एकच फोटो आहे, आणि त्यावर आम्ही एवढी वर्षं काढली.

आणि हे भाड्याचे मित्र म्हणजे अमेरिकन लेखकाच्या डोक्यातलं खूळ आहे असं समजू नका. जपानमध्ये लग्नाला पाहुणे भाड्याने पुरवणाऱ्या एजन्सी खरोखर आहेत. न्यूयॉर्कच्या जेन ग्लान्झ बाईंनी तर २०१४ मध्ये पैसे घेऊन नवरीची पाठराखीण व्हायचा धंदा सुरू केला, म्हणजे हा सिनेमा यायच्या आधीच. बायकांनाही लागतंच कुणीतरी, हे कबूल. पण बायकांना निदान मागता येतं. आपल्या लग्नात करवलीला काम नेमून दिलेलं आहे, मामा पाठीशी उभा राहतो, नवरीचा भाऊ कान पिळायला येतो. नवरदेवाच्या मित्राला काम काय? वरातीत नाचायचं आणि फोटोला उभं राहायचं. आणि तेवढ्यासाठीही माणूस नसला तर तो नवरदेव तोंडाने बोलणार नाही. मरेल पण बोलणार नाही.

लिहिता लिहिता दादाचाच राग यायला लागलाय. अरे, तू कधी स्वतःहून फोन केलास का कुणाला? शेजारच्यांचं रिझर्व्हेशन काढून देणार, कुणाच्या सासऱ्याला मध्यरात्री दवाखान्यात नेणार, सोसायटीच्या टाकीवर चढणार. सगळे म्हणणार, भला माणूस. आणि रविवारी भला माणूस एकटा बसून जुन्या मॅचेस बघणार. "त्यांना कशाला त्रास" हे याचं ठरलेलं वाक्य. म्हणजे चुकतं त्याचंही. डगचंही चुकतं, सात खोटे मित्र सांगण्यापेक्षा एक खरी गोष्ट सांगायची होती त्या मुलीला. पण चूक वेगळी आणि खोट वेगळी.

जाऊ दे.

खरी गंमत तर जिमीची आहे आणि त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. हा माणूस लग्नामागून लग्न भाषणं करतो, बायकांना रडवतो, म्हाताऱ्यांना हसवतो, आणि काम झालं की नवरदेवाला बजावतो की तू माझा गिऱ्हाईक, मित्र नव्हे. मैत्री कशी दिसते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि घरी गेल्यावर त्याला विचारणारं कुणी नाही. मध्ये एक जागा आहे. तो डगला एका परक्याच लग्नात घेऊन जातो आणि दोघं तिथे बेफाम नाचतात. डग झकास नाचतो हो! तिथे जिमीचा चेहरा बघा. गिऱ्हाइकाकडे बघतानाचा तो चेहरा नाही. पैशाने सुरू झालेली गोष्ट पैशावरच संपते असं कुणी सांगितलं? आपल्या किती ओळखी भाडेकरू-घरमालक, दुकानदार-गिऱ्हाईक म्हणूनच सुरू झाल्या ते आठवा. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला पॉलिसी विकायला आली होती. पॉलिसी मी घेतली नाही, ती राहिली.

शेवटी लग्न मोडतं आणि हनिमूनच्या तिकिटांवर ही सगळी भाड्याची वरात ताहितीला निघते. गोड शेवट, खोटा असेल. मला चालला. रडले थोडी.

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे दुपारपासून डोकं फिरलंय. भाचीचं लग्न ठरलंय डिसेंबरात. वहिनीने पत्रिकांची यादी करायला घेतली. माहेरचे, सासरचे, कॉलनीतले, आणि एका पानावर वर लिहिलंय 'यांचे मित्र'. त्याखाली एकच ओळ: सोनू भावजी, परभणी.

काल रात्री दादाचा फोन. आवाज एकदम खाली. "तिने पत्ता मागितलाय गं. काय करू?"

म्हटलं, "ट्रॅक्स ज्याच्याकडून ठरवली होती त्याला विचार. नाशिकचाच होता ना?"

"सापडला समज. आला समज. त्याला सांगायचं काय?"

"परभणीची शाळा सांग. दोन मास्तरांची नावं पाठ करून घे त्याच्याकडून."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पैसे द्यावे लागतील का त्याला?"

म्हटलं, "डिझेलचे दे."